सहा बादल्या

नॉर्थ डकोटात जानेवारीत दुसरं करणार काय.
गराजमधला हीटर घसा खाकरतो, मी बाक पुसते.
बाक म्हणजे धान्याच्या जुन्या एलेव्हेटरच्या ऑफिसचं दार,
पाडापाडीच्या दिवशी फुकट उचललेलं.
एकतीस वर्षं याच दारामागे बसून
मी गव्हाचे ट्रक तोलले.

म्हणून पुंगळ्या मी मोजत नाही, तोलते.
सहा बादल्या. बारा हजारांच्या आगेमागे.
रेंजच्या गवतातून आमच्या पोरांनी वेचलेल्या,
काही काळवंडलेल्या, काही चेपलेल्या,
एकीत वाळका नाकतोडा, गोळीसारखा नीट बसलेला.

ज्युनियर संघात नऊ पोरं आहेत.
नवीन काडतुसांचा भाव वाचून
त्यांच्या आया माझ्याकडे बघतात.

बाबांची प्रेस ओतीव लोखंडाची,
एका वेळी एक काम, एवढंच तिला ठाऊक.
एका पुंगळीमागे दांडा चार वेळा.
म्हणजे अठ्ठेचाळीस हजार वेळा.
गव्हाच्या हिशेबात ही चिल्लर.
खांद्याच्या हिशेबात नाही.

पुंगळीलाही खांदा असतो, आणि त्याच्यावर मान.
झाडल्यावर दोन्ही फुगतात,
डायमध्ये घालून मागे रेटायचे, जागेवर आणायचे.
फार वेळा रेटले की मान तडकते.
डॉक्टरीणबाईंनी माझा एक्स-रे दिव्यासमोर धरला
तेव्हा मी म्हटलं, कळलं, पुढे सांगू नका.

ऑरिन स्कारफोलनं त्याची फिरत्या ताटाची प्रेस आणून दिली.
पाच भोकं, पाच डाय. एकदा ओढ, पाच कामं होतात.
"मार्लिस, तुझ्या वडिलांना ही दाखवायला हवी होती."
बाबा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून
कॉफी प्यायला निघून गेले असते.
कॅटलॉगात मोटरची पण आहे, दांडाच नाही,
किमतीत जुना पिकअप येतो,
आणि बर्फात निदान पिकअपचा तरी उपयोग.

दोन दिवस ऑरिनची चालवली.
खांदा गप्प. डब्यात काडतुसांचा सडा.
हात मात्र बहिरा झाला.
बाबांच्या दांड्यावर प्रत्येक पुंगळी वेगळी बोलायची,
ही कडक, ही सैल, ही जरा अडली, काढून बघ.
इथे पाच कामांचा मिळून एकच आवाज,
लग्नाच्या हॉलमध्ये सगळे एकदम बोलावेत तसा.

तिसऱ्या दिवशी तयार डब्यात ती सापडली.
मानेवर केसाएवढी चीर,
आणि चिरेत व्यवस्थित बसवलेली गोळी.
कोणाच्या वाट्याला गेली असती?
टिल्डा डावखुरी आहे, तेरा वर्षांची,
तिचा गाल बोल्टच्या बाजूला येतो.

त्या रात्री हीटर बंद करून बसले.
थंडीत नीट विचार होतो माझा.

सकाळी दोन डाय काढून टाकले.
आता ऑरिनच्या प्रेसवर फक्त मळकं काम,
जुना प्रायमर बाहेर, आकार, तोंड छाटणं.
मग धुणं. मग टेबलावरच्या दिव्याखाली
एकेक पुंगळी, चष्मा लावून, बोटांत फिरवून.
शेवटचा दांडा, गोळी बसवण्याचा, बाबांच्या प्रेसवर,
तोही डाव्या हातानं. शिकतेय.

ऑरिन आला, रिकामी दोन भोकं बघून
टोपी काढून डोकं खाजवत राहिला.
"ट्रक घ्यायचा आणि अर्धाच भरायचा?"
मी म्हटलं, ऑरिन, काट्यावर मी होते.
तुझा ट्रक दरवर्षी किती जास्त भरून यायचा
ते मला माहीत आहे,
आणि एका सप्टेंबरला त्याचा ॲक्सल कुठे तुटला तेही.

तो हसला नाही. कॉफी मात्र घेतली.

दार दोन प्रेसच्या ओढीनं डगमगतं,
खाली आणखी एक तिरपा खांब ठोकायला हवा.
चीर पडलेली ती खिडकीच्या चौकटीत उभी आहे,
गोळी उपटून, दारू ओतून, रिकामी केलेली.
पोरं आली की आधी तिला हातात देते,
म्हणते, नखानं शोधा.
टिल्डाला सगळ्यांत आधी सापडली.
काल पहिली बादली संपली.
काढून ठेवलेल्या, सव्वा पौंड.