घरी वाचा

एकोणीस वर्षं मी हेच म्हणत आले,
"पान एकशे त्रेचाळीस ते एकशे एकावन्न
घरी वाचा."
आणि फळ्याकडे तोंड फिरवून
थेट डोळ्याच्या रचनेवर जायची.
डोळा बरा.
बुबुळ म्हणताना कुणी खिदळत नाही.

आत-बाशीत एप्रिल उलटला तरी बर्फ हटत नाही.
वर्गात शेगडी, शेगडीत वाळलेलं शेण,
आणि नववीच्या एकवीस पोरांत पुस्तकं सात.
हा हिशेब मला यायला हवा होता.

आयझिरेक भेटली गुरांच्या बाजाराच्या तोंडाशी,
कुरुतचे पांढरे गोळे मांडून बसलेली.
एक मूल मांडीवर, एक पोटात,
वय एकोणीस, पुढचा एक दात नाही.
पैसे मोजता मोजता म्हणाली,
"एजे, त्या पानांत काय होतं हो?
त्या आठवड्यात पुस्तक एल्दोसच्या घरी होतं.
माझी पाळी आली तोवर तुम्ही डोळा सुरू केला होता."

रागाने नाही.
सुटे पैसे परत करावेत तसं म्हणाली.
घर येईपर्यंत तोंडात धरलेला कुरुत
विरघळला नाही.

यंदा पान उघडलं.
खडू दोनदा मोडला.
बेक्तेमीर खिडकीबाहेर बघत बसला, कान लालभडक.
हाच बेक्तेमीर
मार्चच्या थंडीत कोपरापर्यंत हात घालून
आडवं आलेलं कोकरू फिरवतो,
त्याच्या नाकातला चिकटा काडीने काढतो,
हात धुतो, भाकरी मोडून खातो.
मेंढीचं सगळं त्याला ठाऊक.
आकृतीतल्या बाईचं काही नाही,
आणि त्या बाईला तर डोकंसुद्धा नव्हतं,
कमरेपासून मांड्यांपर्यंतच छापलेली.
नुरझातने वहीत तिला डोकं काढलं,
डोक्याला रुमाल, रुमालाखाली जाड भुवया.
मग म्हणाली, "आता सांगा."

सांगायला गेले तर शब्द दोनच प्रकारचे निघाले,
एक शिवीचे,
नाही तर दवाखान्यातले, रशियन.
मधले कुणी कधी केलेच नव्हते.
त्या तासाला आम्ही काही करून पाहिले.
दोन-तीन फार वाईट झाले. सगळे हसले, मीही.
पोरांचा फुटका आवाज, ओली सकाळ,
पोरींनी गोठ्यात लपवलेली फडकी,
असं एकेक, जमेल तसं, जमेल त्या क्रमाने.

मग सायकाल, वर्षभरात न बोललेली,
"मेंढीला कुणी विचारत नाही.
मला विचारतील ना?"

नऊही पानांत याचं उत्तर नव्हतं.
"विचारायलाच हवं," मी म्हणाले, "आणि तू नाही म्हणालीस तर..."
आणि अडले.
माझ्या थोरल्या बहिणीला चौघांनी उचलून गाडीत कोंबली
तेव्हा मी तेरा वर्षांची,
अंगणात लोकर पिंजत होते.
तिच्या लग्नाचा पुलाव मीही खाल्ला. दोनदा वाढून घेतला.
हे मी मोठ्याने बोलले की नाही, आठवत नाही.
बोलले असेन.
बेक्तेमीरने खिडकीकडून मान वळवली होती.

चौथ्या दिवशी तीन बाप आले,
उंच पांढऱ्या टोप्या, गुडघ्यांवर हात.
"पोरींची नजर बिघडेल," एक म्हणाला.
"नजरेचा धडा," मी म्हणाले,
"मी एकोणीस वर्षं शिकवतेय."
हेडमास्तरांनी चहा मागवला. निकाल काही लागला नाही.

जूनमध्ये पुस्तकं परत आली.
पोरं वर डोंगरात, कुरणांवर गेलेली,
शाळा रिकामी, मी एकटी पानं तपासत होते,
फाटलं किती, दंड किती.
सायकालचं पुस्तक एकशे त्रेचाळीसवर आपोआप उघडलं.
समासात पिठाने माखलेल्या बोटांचे ठसे,
पानामागून पान, एकशे एकावन्नपर्यंत.

सायकालची बोटं बारीक आहेत.
हे ठसे रुंद होते,
आणि अंगठ्यावर जुनी, आडवी चीर.

दंड लावला नाही.