सोडायचा आकडा

एप्रिलचं ऊन उद्यमनगरच्या पत्र्यावर तडतडतंय
आणि मी बर्फाचं सामान निवडतोय.
मी मुलगी आहे. कोल्हापूरच्या पोरी
आलो, गेलो, पडलो असंच म्हणतात.
सोलंगला पहिल्याच दिवशी पडलो म्हणालो,
तर पुण्याची एक जण वळून शोधायला लागली,
कोण पडला म्हणून.

स्की आल्यात. जुन्या, दुसऱ्या कुणाच्या तरी,
कंबर अठ्ठ्याऐंशी मिलीमीटर.
लेथशेजारी भिंतीला टेकून उभ्या.
गल्लीतली पोरं विचारून जातात,
ताई, ही वल्ही कुठल्या होडीची?
बाइंडिंग तेवढं घ्यायचं राहिलंय,
बूट धरणारं,
आणि वेळ आली की सोडणारं.

मला दोन्ही पाहिजे.
सकाळी मशीननं भांग पाडलेला उतार,
कडेवर कलंडून लांबलचक वळणं,
तिथं मध्येच सुटलं तर दात हातात;
आणि दुपारी पार्क, लोखंडी रेल, उड्या,
पाठमोरं उतरणं, टाचेवर दणका.
म्हणून पाच ते तेराचं बघून ठेवलंय.
काळं, पितळी चकतीचं.
पार्कातली सगळी तेच लावतात
आणि स्क्रू आवळत राहतात,
जणू न सुटणं म्हणजेच येणं.

अप्पांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
वजन?
बावन्न.
बुटाचा तळ?
दोनशे पंच्याऐंशी.
आणि हे काय, चालवणारा कसा:
सावध, मधला, का आडदांड?
मी आडदांडवर बोट ठेवलं.
ते माझ्या डाव्या गुडघ्याकडं बघत राहिले,
जिथली दोन वर्षांमागची शिवण
घाम आला की अजून खाजते.

मधला लिही, म्हणाले. साडेचार येतंय.
पाचापासनं सुरू होणारी स्प्रिंग
साडेचार कसं ऐकंल?
स्प्रिंग मधनं चालली पाहिजे.
पार सैल, तर झोपल्याली.
पार आवळली, तर बहिरी.
तीस वर्षं स्प्रिंगाच वळल्यात त्यांनी,
पंपाच्या, ट्रॉलीच्या, एकदा तर
सर्कशीतल्या कुणाच्या तरी पाळण्याच्या.
तीन ते दहाचं घे.
ते बारक्या पोरांचं दिसतंय, अप्पा.
कुणाला?

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्यांनी पाना डाव्या हातात घेतला.
उजव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंतच आहेत.
शिरोलीतला कुठला तरी प्रेस,
मी जन्मायच्या आधीचा.
घरात ती गोष्ट कधी कुणी काढली नाही.
आज नट पुसता पुसता एवढंच म्हणाले,
त्याला सोडायचा आकडाच नव्हता.

तीन ते दहाचं आलं जूनच्या आत.
ब्रेक नव्वदचा, बरोब्बर बसला.
कुलंटच्या वासात, फरशीवर पोतं टाकून,
चाळीस अंशांत मी जाड बूट चढवले.
टाच दाबली. टक.
अप्पांनी बुटाला पिळा दिला. सुटलं.
परत घाल.
सुटलं.
परत.
शेजारचा वेल्डर काच वर करून बघायला आला,
चहा गार झाला, तरी परत.
नवव्यांदा सुटलं तेव्हा माझाच तोल गेला.
पोत्यावर आडवी होत म्हणालो, पडलो.

अप्पा खाली वाकून गुडघा बघत होते.
पड की, म्हणाले.