वरकड

ओझ्द, बावन्न सालचा फेब्रुवारी.
पोलाद कारखान्याच्या रात्रशाळेत
मी शिकवत होतो वर्ग म्हणजे काय,
आणि समोरचा वर्ग
पाळी संपवून आलेला, अर्धा झोपेत.

फळ्यावर उभी रेघ ओढली:
इकडे ज्यांची भट्टी, तिकडे ज्यांचे हात.
आठ तासांतले तीन स्वतःच्या पावाचे,
उरलेले पाच वरकड,
ते मालकाच्या खिशात.
सोपं आहे, मी म्हणालो. गणितच आहे हे.

सगळे गेल्यावर फरशी पुसायला
एटेल्का बोदोर आली.
बादली ठेवली,
ऍप्रनमधून चौपदरी कागद काढला.
पोराला तंत्रशाळेत जायचं होतं, येनोला.
मजुराच्या पोराला एक अक्षर असतं,
शेतकऱ्याच्या पोराला एक.
येनोच्या नावापुढे फुली होती.

खाली कारण:
वडील विल्मोश, मयत.
चुन्याची भट्टी, एक.
चौतीस साली पगारी नोकर, एक.

कोण होता तो नोकर?
मीच की, ती म्हणाली, फडकं पिळत.
दिवसाला दीड पेंगो आणि दुपारचं सूप.
चुन्यानं अंगठ्याचा ठसासुद्धा खाल्लाय, बघा.
मग त्यानं मागणी घातली.
लग्न झालं, पगार बंद झाला.
भट्टी तीच, फावडं तेच,
वर सासू, वर येनो, वर त्याचा खोकला.
आणि तेव्हापासून म्हणे मी मालकीण.

मी रेघेकडे पाहिलं.
चर्चमध्ये शिरताना ती त्या बाजूला,
बाहेर येताना या.
मध्ये एक पांढरा झगा, तोही
थोरल्या बहिणीकडून उसना आणलेला.

माझ्या स्वतःच्या अर्जात
आजोबांचं सराफी दुकान
मी ‘धातूकाम’ म्हणून लिहिलं होतं.
कुणी विचारलं नव्हतं.
खडू बोटांत फिरवत राहिलो,
चुन्यासारखाच पांढरा,
पण माझी बोटं शाबूत.

तिच्या पाच तासांचं काय झालं,
हे मी विचारू शकलो असतो,
निदान फळ्याला.
पण फळा भरलेला होता
आणि बाहेर शेवटची बस घरघरत होती.

कचेरी मंगळवारी उघडी असते, मी म्हणालो.
मंगळवारी माझी न्हाणीघरात पाळी, ती म्हणाली,
कागद पुन्हा चौपदरी करत,
आणि मला
पाय जरा उचलायला सांगितले.