एकेचाळीस नंबरचं कार्ड

पर्व्हेसांच्या पुस्तकांच्या दुकानात मी लागले
तेव्हा अकरा वर्षांची होते.
पुढे बायबलं, शेतकी पंचांगं, लाखेच्या कांड्या;
मागच्या खोलीत खळ, कात्री, पिवळी कार्डं
आणि सतत सर्दी झालेल्या मिसेस रटर.

एकाच जागेची दोन चित्रं शेजारी शेजारी डकवायची.
दोन्हींत फरक काय, मी विचारलं.
‘तुझ्या एका डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा,’
मालक म्हणाले, आणि शाई मोजायला गेले.
डावं उजवीकडे लागलं
की स्टिरिओस्कोपमध्ये डोंगराचा खड्डा व्हायचा
आणि माझ्या पगारातून दोन पेन्स जायचे.

कॅमेरा एकच, एका भिंगाचा.
एक चित्र घ्यायचं, तो फळीवर अडीच इंच सरकवायचा,
काच बदलायची, टोपी काढून पुन्हा आकडे मोजायचे.
मधल्या वेळात जग जागचं हलत नाही
असा त्यांचा समज असावा.
मेंढ्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

एकेचाळीस नंबर : जुना पूल, सकाळ.
डावीकडे पूल रिकामा.
उजवीकडे कठड्याशी युफेमियाबाई, मालकीणबाई,
झाकलेली टोपली घेऊन
‘झालं का?’ म्हणून थांबलेल्या.

यंत्राला डोळे लावले की त्या असायच्या, नसायच्या.
शालीतून दगड दिसायचे,
दगड बघावेत तर वर शाल यायची.

काच धुवून पुन्हा वापरायची ठरलं होतं.
फेब्रुवारीत बाई तापाने गेल्या.
काच कुणी धुतली नाही.
मार्चच्या यादीत नंबर लागला, किंमत सहा पेन्स.

कार्डं परत यायची. पाद्रीणबाई म्हणाल्या, डोकं दुखतं.
शाळामास्तर म्हणाले, सदोष आहे, आणि उभेच राहिले.
शाईच्या बाटलीवरून अर्धा तास वाद घालणारा माणूस
गुपचूप सहा पेन्स मोजून द्यायचा,
आणि शनिवारी मला म्हणायचा,
‘ग्रिझेल, एकेचाळीस आणखी सहा.’

एकदा खाणीतला एकजण आला,
सुरुंगात डावा डोळा गेलेला.
गंमत म्हणून यंत्र उचललं त्याने.
‘पुलावर बाई कोण?’ म्हणाला.
मालक स्टुलावर बसले.
‘नीट दिसते?’
‘दिसते की. तुमच्याकडेच बघतेय. भूक लागली असेल तिला.’

त्या रात्री मी दिवा विझवायच्या आधी करून पाहिलं.
डावा डोळा मिटला
की बाई पक्क्या उभ्या राहतात,
पण पूल नुसता कागद होतो,
खालच्या ओढ्याला तळ राहत नाही.

मालकांनाही हे कळलं असणारच.
तरी दुकान बंद झाल्यावर खिडकीशी
मी त्यांना पाहिलंय कितीदा,
दोन्ही डोळे उघडे ठेवून,
ओठांत आकडे मोजत.