तीन टिंबं

नायकाचं गाव पहिल्या तासातच जळतं
हे आम्हांला पाठ होतं.
कुणीतरी म्हातारा त्याला लाकडी तलवार देतो, आणि मरतो.
मग एक पूल, एक बेडूक, चार नाणी,
आणि मे महिन्यातही केस उभे असलेला पोरगा
जगाच्या नकाशावर एकटा चालू लागतो.

सीडी जरीपटक्याच्या वाधवानीकडची.
पाकिटावर निळ्या पेनानं लिहिलेलं : तलवारवाला – ३.
एक आणि दोन त्याच्याकडे कधीच नव्हत्या.
सगळं जपानीत.
उत्पला म्हणाली, मले येते थोडीशी.
ती सातवीत, मी चौथीत.
न मानायला काय झालं? कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला
आत्यासोबत ती दोनदा जाऊन आली होती.

नाव विचारलं तेव्हा चार रिकाम्या चौकटी होत्या.
तिनं एकच बटण चारदा दाबलं.
झालं, म्हणाली. नाव ठेवलं.
काय ठेवलं?
नंतर सांगतो.

राजा सिंहासनावरून दोन मिनिटं बोलला.
"तो म्हणून राहिला, पोहे खाऊन जा."
आणि आपला?
"आपला म्हणते, नाही बे राजा, उशीर होऊन राहिला,
परतून आलो का तर्री जास्त टाकजो."
दैत्य सात मजली होता, त्याला पंख होते, घड्याळ होतं.
आमचा पोरगा त्याला म्हणाला,
"काऊन बे, तुले घरी कोणी नाही का?"
मी हसून हसून कूलरला टेकले
आणि कूलरनं मला शॉक दिला.

गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसायच्या,
वीज तिथंच व्हायची,
तरी साडेतीनला आमच्याकडची लाईट जायची.
सव्वातीनपासून आम्ही पळत असू,
गुहेतून, वटवाघळांतून, अर्ध्या जिवानिशी,
त्या निळ्या उजेडाच्या गोल खुणेपर्यंत
जिथं उभं राहिलं की झालेलं सगळं झालेलंच राहतं.
कधी पोचलो. कधी नाही.
नाही पोचलो की तोच पूल, तोच बेडूक,
आणि उत्पलाच्या तोंडी दर वेळी वेगळं बोलणं.

चौघांमधली घंटावाली बाई
बर्फातल्या देवळात खाली पडली, उठली नाही.
गाणं लागलं. उत्पला बराच वेळ गप्प.
काय झालं गं?
"काही नाही. भंडाऱ्याले गेली, तिच्या मावशीकडे."
आमची आईही तेव्हा भंडाऱ्यालाच होती,
असं मला सांगितलेलं.
डबा मात्र रोज मेडिकलच्या दिशेनं जायचा.
आई आली, ऑगस्टात, वेणीशिवाय.
घंटावाली आली नाही.
तिच्यासाठी घेतलेले बूट
मी शेवटपर्यंत कुणाला घालू दिले नाहीत.

आता उत्पला बुटीबोरीच्या कारखान्यात
जपानी साहेबांची दुभाषी आहे. खरोखरची.
परवा माझ्या ऑफिसात जेवताना विषय निघाला,
कुणाचा आवडता नायक कोण.
एकाला स्मृती हरवलेला आवडायचा,
एकाला तो, जो आधी शत्रूच्या सैन्यात असतो.
मी म्हटलं, माझा फार बोलायचा.
काय बोलायचा, ते सांगितलं.
सगळे हसले. नाव विचारलं. मला येईना.

म्हणून रविवारी माळ्यावरून खोकं काढलं.
कार्डाची बॅटरी, वायर, टीव्ही, सगळं जमवता जमवता संध्याकाळ.
राजा बोलू लागला. उत्पलानं चष्मा लावला, वाचलं.
"सीमेवर दुष्काळ आहे म्हणतो."
आणि आपला?
ती पडद्याच्या जवळ गेली.
"आपला काहीच बोलत नाही गं.
त्याच्यापुढं नुसती तीन टिंबं आहेत.
सगळीकडे."

आणि नाव?
"आआआआ," ती म्हणाली,
डॉक्टरपुढे तोंड उघडल्यासारखी,
आणि मग थोडी हळू, पुन्हा एकदा.

देवळाचा जिना समोर होता.
मी म्हटलं, वाच.
तिनं चष्मा काढून ठेवला.
"तो म्हणून राहिला..."