किमान सेटिंग

कुताइसीत, तिसऱ्या मजल्यावर
मालखाझ जुन्या कार्डाचा पंखा
टूथब्रशने घासतो.
नऊ वर्षांचं कार्ड. लेकीहून वर्षाने मोठं.

नवा गेम सुरू होतो, अडखळतो.
घोडा टाप उचलतो
आणि ती हवेतच राहते.

‘सावल्या काढ,’ तेकले सांगते.
तो सावल्या काढतो.
मग पाण्यातलं आभाळ. मग धुकं.
गवतही जातं,
लांबचा डोंगर पुठ्ठ्याचा होतो.

आता धावतोय.
पंखा गिरणीसारखा घरघरतो,
खोलीभर तापल्या धुळीचा वास.

‘बाबा, ह्याला सावलीच नाही.’
‘पळतोय ना?’

ती काही बोलत नाही.
घोडा तसाच नदीत घालते.
पाणी उडत नाही.