शेरा

सोहार बंदरामागच्या स्मेल्टरच्या स्टोअरमध्ये
स्कॅनर आले, त्या दिवशी खजूर वाटले होते.
भिंतभर बॅनर: डिजिटल प्रवासाचं पहिलं पाऊल.
सबनीस साहेबांनी फीत कापली,
पावलाचा फोटो निघाला.

त्यांच्या केबिनपर्यंत मात्र ते पाऊल पोचलं नाही.
तिथे मेलसुद्धा छापून न्यावा लागे.
कोपऱ्यात हिरव्या शाईची सही झाली
की मेल वाचला असं धरायचं.

इस्माईल मुकादम, हर्णैकडचे,
बावीस वर्षं या रॅकांमधून चालताहेत.
बेअरिंग बोटावर फिरवून कानाशी नेतात:
"हा बोलतो नीट. तो घोगरा आहे, देऊ नका."
पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं,
"साहेब, यात घोगरा कुठे लिहायचा?"
हशा पिकला.
त्यानंतर मुकादम मीटिंगमध्ये फक्त चहा प्यायले.

आम्ही शिकलो, नाही असं नाही.
तक्त्यावर लाल दिसलं की साहेब लाल होत,
म्हणून तक्ता हिरवा ठेवायला शिकलो.
सगळ्या बारकोडांच्या झेरॉक्स काढून
मीच चिकटवल्या एका पुठ्ठ्यावर,
लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टला लावतात तसा गोंद लावून.
बाहेर अठ्ठेचाळीस अंश,
आत एसी, करकचा पेला, मांडीवर पुठ्ठा.
टिट्. टिट्. टिट्.
खुर्ची न सोडता साडेचारशे वस्तू मोजून व्हायच्या.
वापर: अठ्ठ्याण्णव टक्के.
मस्कतहून काचेची ट्रॉफी आली.
तिच्यात आमचे चेहरे उलटे दिसत.

ऑगस्टमधल्या एका रात्री कंप्रेसर बसला.
यंत्र म्हणालं, गॅस्केट सहा.
रॅक म्हणाला, एकही नाही.
उजाडेपर्यंत प्लांट गप्प.
त्या गप्प बसण्यानं कॅम्पातले झोपलेलेही उठून बसले.
मग चौकशी एकेक पायरी उतरत
दिलबहादूरपाशी येऊन थांबली,
कारण त्याच्याखाली पायरी नव्हती.
ताकीदपत्र मीच टाइप केलं.
तळाशी रकाना होता: कर्मचाऱ्याचा शेरा.
"इधर क्या लिखना, भाई?"
मी म्हटलं, "रहने दे."

साहेब बढतीवर दम्मामला गेले,
ट्रॉफी घेऊन.

थुरैया अल मामरिया आल्या त्या थेट खाली,
अबायाची कड धुळीत.
स्कॅनर उचलला, भलताच डबा टिपला.
यंत्र किंचाळलं, लाल.
आमच्या माना सवयीनं खाली.
"चूक माझी," त्या म्हणाल्या,
"दुरुस्त कशी करायची, कोण दाखवतं?"

कोणालाच येत नव्हतं.
दोन वर्षांत ते बटण
आम्ही एकदाही दाबलेलं नव्हतं.

मग सहा दिवस पायांनी मोजणी.
तक्ता कुंकवानं माखल्यासारखा.
मस्कतचा फोन आला, तो त्यांनी आमच्यासमोरच घेतला,
अरबीत, आवाज न चढवता.
मला एकच शब्द कळला, सहीह.
तो त्या दोनदा म्हणाल्या.

मुकादमांना त्यांनी विचारलं, यात काय कमी आहे?
मुकादमांनी आधी माझ्याकडे पाहिलं,
खरंच विचारतायत का, म्हणून.
"घोगऱ्याला जागा."
तीन महिन्यांनी पडद्यावर एक चौकट आली, चाळीस अक्षरांची.
मुकादम एका बोटानं तिच्यात लिहितात.
निळी वही अजून वरच्या खिशात आहेच,
आणि त्यावर कोणी काही बोलत नाही.

पुठ्ठा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
बाईंनी कधी मागितला नाही.
त्यांना माहीत आहे का, तेही मला माहीत नाही.
दिलबहादूरचा करार मार्चमध्ये संपला,
पुढे वाढवला नाही.

काल त्याची फाइल काढली.
रकाना कोरा होता.
पेनाचं टोपण काढून बराच वेळ बसलो,
मग वर तारीख घातली,
आजची.